टकटक मिस्त्रींनी फोडलेला बीम

मिस्त्रींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, मुलगी 'बाबा' म्हणायची आणि बाकी सगळं जग 'टकटक'. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण चुकीचं ठेवलं असं म्हणायची सोय नव्हती. मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी बसणं नाही, पाणी नाही, हालहवाल नाही. खिशातून वीतभर दांड्याची हातोडी काढायची, भिंतीला कान लावायचा आणि टकटक सुरू. भिंत भरीव असली की आवाज खणखणीत येतो. आतून गिलावा सुटला असला, काँक्रीटमधली सळई गंजून फुगली असली, की आवाज बद्द येतो, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. तसा आवाज आला की मिस्त्री खिशातून खडू काढून तिथे एक गोल काढायचे. ज्या घरच्या बाईने गेल्याच महिन्यात हौसेने रंग लावून घेतलेला असे, तिच्या भिंतीवर पंधरा मिनिटांत पंधरा गोल उमटायचे. बाई रडकुंडीला यायची. मिस्त्री मात्र दर गोलाबरोबर खुलत जायचे.

जुन्या इमारतींचे निखळलेले सज्जे, पोपडे धरलेली छतं, भेगाळलेले बीम, खांब यांची डागडुजी करणं हा त्यांचा धंदा. या धंद्याची गंमत अशी की काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. सुताराने कपाट केलं तर येणाराजाणारा विचारतो, कुणी केलं हो? मिस्त्रींनी छत वाचवलं तर कुणी मान वर करूनही बघत नाही, आणि वर बघायची वेळ येऊ नये म्हणूनच तर त्यांना बोलावलेलं असतं. एका बाईंनी काम संपल्यावर सगळी खोली निरखून विचारलं होतं, "मग, सुरुवात कधी करताय?" मिस्त्रींनी ती आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी मानली. पुढे दहा वर्षं ते हा किस्सा भेटेल त्याला सांगत होते आणि ऐकणारे दहा वर्षं हसल्यासारखं करत होते.

किस्सा संपला की त्याला जोडून एक वाक्य ठरलेलं असायचं. "एवढ्या वर्षांत माझ्या हातचा एक तुकडा खाली आलेला नाही." हे वाक्य ते छाती पुढे काढून म्हणायचे. पण 'आलेला नाही' म्हणता म्हणता त्यांची नजर क्षणभर इकडेतिकडे व्हायची. ते कुणाच्या लक्षात येत नसे, कारण मिस्त्री बोलायला लागले की लोक बहुधा घड्याळाकडे बघत असत.

नजर इकडेतिकडे व्हायचं कारण एका चारमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत, छताखाली आडवं पडलेलं होतं. तो एक बीम होता.

सव्वीस वर्षांपूर्वी मिस्त्री सव्वीस वर्षांचे होते आणि थोरल्या मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकत होते. थोरले मिस्त्री डावखुरे. परांचीवर त्यांच्या शेजारी उभं राहिलं की दोघांची कोपरं एकमेकांवर आपटायची, आणि दोष नेहमी उजव्या हाताने काम करणाऱ्याचा असायचा. बोलणं कमी, नियम कडक. त्यातला एक नियम देवाच्या बापालाही मोडता येत नसे. ज्याने उघडलं त्यानेच मिटवायचं, आणि मिटवल्याशिवाय घरी जायचं नाही. फोडलेलं काँक्रीट उघडं टाकून जाणं म्हणजे पोटावर टाके न घालता पेशंट घरी पाठवणं, असं ते म्हणत.

त्या दिवशी थोरले मिस्त्री बाकीच्या माणसांना घेऊन गच्चीवर होते आणि दुसऱ्या मजल्यावरचा बीम आमच्या मिस्त्रींनी एकट्याने उघडला होता. सळया बिस्किटासारख्या पापुद्रे सुटलेल्या. रीत अशी की तारेच्या ब्रशने सळई चमकेपर्यंत घासायची, तिला सिमेंटची पातळ पेज लावायची, कमी पडेल तिथे नवी सळई तारेने बांधायची, जाळी ठोकायची आणि मगच गिलावा. घासायचं काम निम्म्या दिवसाचं. मिस्त्रींनी ब्रश हातात घेतला आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराने खालून हाक मारली. दवाखान्यातून फोन होता. मुलगी झाली, बायकोची तब्येत बरी नाही, लगेच या.

आता बीम उघडा. नियम डोक्यावर. बायको दवाखान्यात. गच्चीवर जाऊन "मी निघतो" एवढे दोन शब्द बोलले असते तर थोरल्या मिस्त्रींनी त्यांना स्वतः रिक्षात बसवलं असतं. पण त्यासाठी थोरल्या मिस्त्रींपुढे जाऊन नियम मोडू का म्हणून विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा मिस्त्रींना चूक करणं सोपं वाटलं. त्यांनी गंजलेल्या सळयांवर, न घासता, न बांधता, तसाच माल थापला आणि अर्ध्या तासात बीम मिटवला. वरून काम फार देखणं झालं होतं. घाईत माणसाचा हात कधीकधी उगीचच छान चालतो.

एक खूण मात्र राहिली, ती त्यांच्या कामात तेव्हा नेहमीच राहायची. पट्टा संपवताना ते मनगटाला झटका देऊन थापी उचलायचे, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याच्या उजव्या टोकाला चंद्रकोरीएवढा ओरखडा उरायचा. थोरले मिस्त्री म्हणायचे, "ही तुझी सही आहे का? कुणी मागितली होती?"

बायको वाचली. मुलगीही ठणठणीत होती. आठ दिवसांनी मिस्त्री कामावर गेले. त्यांनी आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन वर पाहिलं. बीम ओला, गुळगुळीत, आणि उजव्या टोकांना त्यांच्याच चंद्रकोरी ओळीने मांडलेल्या. म्हणजे कुणी हात लावला नव्हता. जीव भांड्यात पडला.

थोरल्या मिस्त्रींनी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि तो बीम? झाला ना नीट?"

मिस्त्री म्हणाले, "झाला."

थोरल्या मिस्त्रींनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "झाला ना? मग झाला." एवढं बोलून त्यांनी तारेचा ब्रश त्यांच्या हातात ठेवला. "आजपासून वर्षभर सगळ्यांच्या सळया तू घासायच्या. थापीला हात लावायचा नाही."

मिस्त्रींना वाटलं, म्हाताऱ्याची लहर. वर्षभर त्यांनी सळया घासल्या. तळहाताची साल गेली, नखांत गंज बसला, आणि वर्ष संपलं तेव्हा ते त्या टोळीतले सगळ्यांत पक्के कारागीर झाले होते. मनगटाचा झटकाही गेला होता. पुढे थोरले मिस्त्री वारले, टोळी मोडली, 'टकटक' हे नाव पडलं, नाव मोठं झालं. जितकं नाव मोठं होत गेलं तितका तो बीम त्यांच्या मनात जड होत गेला. सांगायचं कुणाला? बायकोला सांगावं तर ती म्हणणार, म्हणजे माझ्यामुळे का? आणि बाकी कुणाला सांगण्यात तर अर्थच नव्हता.

हे सगळं मनातल्या मनात आयुष्यभर चालून गेलं असतं. पण मुलीने एक दिवस हसतहसत बातमी आणली. तिने आणि जावयाने घर बघितलं होतं. चारमजली इमारत, दुसरा मजला.

"बाबा, तुमचंच काम आहे तिथलं!" ती म्हणाली. "दलाल म्हणाला इमारत जुनी आहे. मी म्हटलं, असू दे, माझ्या बाबांनी दुरुस्त केलीय. त्यांचा एक तुकडा अजून खाली आलेला नाही."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. किस्सा ऐकताना पोरगी तेवढी मन लावून ऐकत होती, हे त्यांना आज कळलं.

मग त्यांनी त्या घराला नावं ठेवायला सुरुवात केली. जिना उंच आहे. पाणी वेळेवर येत नाही. शेजारी भांडकुदळ वाटतात. एकही कारण टिकलं नाही, कारण जिना बेताचा होता, पाणी धो धो होतं आणि शेजारी सामान चढवायला स्वतःहून धावून आले. जावई भला माणूस. तो एकदा बायकोला हळूच म्हणाला, "तुझ्या बाबांना आपण लांब जातोय याचं वाईट वाटतंय बहुतेक." नवं घर जुन्या घरापेक्षा दोन गल्ल्या जवळ होतं.

आतल्या खोलीत, बरोबर त्या बीमखाली, तीन वर्षांच्या नातीची खाट लागली. तिथे खिडकीतून सकाळचं ऊन येतं म्हणून. मिस्त्री दर रविवारी सकाळी जायचे आणि 'जरा झाडून घेतो' म्हणत खाट समोरच्या भिंतीला सरकवायचे. मुलगी सोमवारी ती परत उन्हात सरकवायची. सहा महिने ही खाट घरातल्या घरात प्रवास करत होती. फरशीवर तिच्या पायांचे चार समांतर ओरखडे पडले, आणि त्याचंही खापर मिस्त्रींनी फरशीवाल्यावर फोडलं.

दर रविवारी ते बीम वाजवायचे, हे सांगायला नकोच. स्टुलावर चढून हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज यायचा खणखणीत. डावीकडे खणखणीत, मध्ये खणखणीत, उजवीकडे खणखणीत. सगळ्या शहराच्या भिंती ज्यांच्या कानावर विश्वास ठेवून पाडल्या आणि राखल्या जात होत्या, त्या टकटक मिस्त्रींचा त्या बीमपुरता स्वतःच्या कानांवर काडीचाही विश्वास नव्हता. आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं ना! मग बीम खोटं बोलतोय, नाहीतर आपले कान गेलेत. ते गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, तुमचे कान विशीतल्या पोरासारखे आहेत. मिस्त्री आणखीच घाबरले.

एका रविवारी नात खाटेवर उताणी पडून वर बोट दाखवत म्हणाली, "आजोबा, रेघ."

बीमवर केसाएवढी रेघ होती. रंगाची होती, गिलाव्याची नव्हती. दुसऱ्या कुणाच्या घरी असती तर मिस्त्रींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. इथे त्यांनी ती तीनदा निरखली. त्यांनी नातीला उचलून बाहेर नेऊन मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "सेक्रेटरींना बोलाव."

सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. निवृत्त कारकून, काखेत कायम इमारतीची नोंदवही. ते आले, जावई आला, मुलगी आली. मिस्त्रींनी बीमकडे बघत, कुणाच्याही डोळ्यांत न बघता, सगळं सांगून टाकलं. सळया घासल्या नाहीत, बांधल्या नाहीत, गंजावर गिलावा थापला आणि पळालो. सव्वीस वर्षं आमचा एक तुकडा खाली आला नाही म्हणून सांगत फिरलो. हा बीम फोडावा लागेल.

मिस्त्रींनी शिव्यांची तयारी ठेवली होती. मुलीने यापुढे आपलं नाव काढू नये, याचीही ठेवली होती. पण जे झालं त्याची तयारी त्यांच्याकडे नव्हती. कुणी विश्वासच ठेवला नाही.

"छे छे," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस असं करणारच नाही."

"मी केलंय!"

"तुम्हाला वाटत असेल तसं. वय झालं की होतं असं. माझ्या मेव्हण्याला वाटतं की तो सैन्यात होता."

जावई समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबा, तुम्हीच दर रविवारी वाजवून बघता. आवाज चांगला येतो म्हणून तुम्हीच सांगता ना?"

मुलगी मात्र बीमकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी झाले त्या दिवशी?"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं ते याच भीतीने, आणि आता नेमका घाव पोरीच्या वाट्याला गेला होता. "तुझा काही संबंध नाही गं," ते म्हणाले. "मी घाबरट होतो. दोन शब्द विचारायला घाबरलो, बस."

"मग फोडा," ती म्हणाली. "माझी लेक खाली झोपते."

सेक्रेटरींनी अट घातली. चांगला निघाला तर जसा होता तसा स्वतः करून द्यायचा आणि वहीत नोंद होईल. मिस्त्री म्हणाले, चांगला निघायचा प्रश्नच नाही. खाट बाहेर गेली, फरशीवर जुन्या चादरी पसरल्या, छताला दोन लोखंडी टेकू लागले आणि मिस्त्री छन्नी घेऊन स्टुलावर चढले.

गिलावा निघता निघेना. गंजावर थापलेला गिलावा पहिल्या घावात पत्र्यासारखा सुटायला हवा होता. हा सिमेंटची एकेक कणी देत होता, तीसुद्धा चिंगूसपणे. मिस्त्री घामाघूम झाले. मग छन्नी कशाला तरी अडकली आणि तारेची जाळी दिसली.

त्यांनी जाळी लावली नव्हती.

मग जाळी कापून आत गेले. आत सळया होत्या, करड्या रंगाच्या, सिमेंटची पेज अंगभर लावलेल्या, खाली गंजाचा ठिपका नाही. जुन्या सळईला जोडून नवी सळई होती आणि दोन्हींना हातहातभर अंतरावर तारेच्या गाठी होत्या. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि एका गाठीजवळ डोळा नेला. तारेला पीळ उलटा होता. सगळी दुनिया आकड्याने तार उजवीकडे पिळते. ही डावीकडे पिळलेली होती, आणि तिचं शेपूट आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाच्या हाताला टोचू नये म्हणून.

त्या आठ दिवसांत थोरल्या मिस्त्रींनी स्वतःचा नियम मोडला होता. दुसऱ्याने मिटवलेलं त्यांनी उघडलं होतं, पोराचं राहिलेलं सगळं काम केलं होतं आणि परत मिटवलं होतं. मिटवताना डाव्या हाताने उजव्या टोकाला एकेक चंद्रकोर काढली होती. पोराची सही, पोराला कळू नये म्हणून. आणि मग विचारलं होतं, "झाला ना नीट?"

मिस्त्री स्टुलावर उभ्याउभ्या रडायला लागले. मध्येच हसायचे, पुन्हा रडायचे. खाली तिघं एकमेकांकडे बघत होते.

"काय झालं? फार गंजलंय का?" जावयाने विचारलं.

"ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाले. "आणखी शंभर वर्षं हलणार नाही."

"मी सांगत होतो," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की, दुसऱ्या मजल्यावरील आतल्या खोलीतील सुस्थितीत असलेला बीम मिस्त्रींच्या गैरसमजामुळे विनाकारण फोडण्यात आला. खाली त्यांनी सहीसाठी रेघ ओढली. मिस्त्रींनी ती नोंद दोनदा वाचली. केलेल्या चुकीचा कागदोपत्री कुठेच मागमूस नव्हता आणि ही न केलेली चूक पक्क्या शाईत उतरली होती. त्यांनी इतक्या आनंदाने सही केली की सेक्रेटरींना मेव्हण्याची पुन्हा आठवण झाली.

फोडताना एक गाठ तुटली होती. मिस्त्रींनी नवी तार घेतली, आकडा डाव्या हातात धरला आणि गाठ डावीकडे पिळायला घेतली. दोनदा सुटली, एकदा बोटात घुसली, चौथ्यांदा बसली. मग त्यांनी शेपूट आत दुमडलं. ज्याने उघडलं त्याने मिटवलं आणि मिटवूनच ते घरी गेले. जाताना मुलीला सांगितलं, सात दिवस पाणी मार, रोज दोनदा. ती "हो" म्हणाली. बीम वाजवून न बघता ते पहिल्यांदाच त्या घरातून बाहेर पडले.

घरी बायको ताटात तांदूळ निवडत बसली होती. मुलीचा फोन आधीच येऊन गेला असावा, कारण तिने वर न बघता विचारलं, "चांगला बीम फोडलात म्हणे?"

मिस्त्री तिच्यासमोर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. दुकानदाराची हाक, न घासलेल्या सळया, तो अर्धा तास, वर्षभराचा ब्रश, आणि आज दिसलेल्या उलट्या गाठी. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"थोरले मिस्त्री बाळ बघायला दवाखान्यात आले होते," ती म्हणाली. "तुम्ही औषध आणायला गेला होतात. त्यांचे हात सिमेंटने भरलेले. नर्स ओरडली, हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. मी विचारलं, एवढ्या घाईत कुठून आलात? तर म्हणाले, तुझ्या नवऱ्याचा एक बीम राहिला होता, तो पुरा करून आलो."

मिस्त्रींनी तिच्या मांडीवरचं ताट बाजूला केलं. "हे तुला ठाऊक होतं? सव्वीस वर्षं?"

"मला वाटलं तुम्हालाही ठाऊक असेल," ती म्हणाली आणि ताट मांडीवर नीट ठेवून पुन्हा निवडायला लागली. "तुम्ही कधी विषयच काढला नाहीत."